अर्जदार माझी आई

माझ्या आईनं मला नोटीस पाठवली होती. रीतसर, सरकारी शिक्क्यासकट, रजिस्टर पोस्टानं, माझ्या वारज्याच्या घरी. त्या घरी तेव्हा तीही राहत होती.

आईनं हे कधी लपवलं नाही. भाजीवालीला सांगितलं, डॉक्टरला सांगितलं, माझ्या मेहुण्याच्या लग्नात जेवणाच्या पंगतीत सांगितलं. लोकांना थट्टा वाटायची. मी जवळपास असलो तर हसून मान हलवायचो, म्हणजे ती थट्टाच आहे हे पक्कं होऊन जायचं. मुळात मी कमी बोलणारा माणूस, आणि न बोलता खोटं कसं बोलावं हे मला चांगलं जमतं. ती थट्टा नव्हती.

वडील खडकीच्या कारखान्यात होते. विश्रांतवाडीत, आळंदी रस्त्यापासून थोडं आत, त्यांनी दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला आणि पहिल्या दिवसापासून आईच्या नावावर केला. भाऊबंद विचारायचे, "बायकोच्या नावावर? का, काही अडचण?" वडील म्हणायचे, "मी दिवसभर कारखान्यात. घरात राहणार ती. अडचण तुम्हालाच दिसतेय." त्या घरात मी शिकलो, कॉम्प्युटरचा कोर्स केला, आणि पुण्यात कंपन्यांचे काचेचे बंगले उठायला लागले तेव्हा बरोबर वेळेवर त्यातल्या एकात शिरलो. ऑफिस हडपसरला, घर वारज्याला. सबंध शहर रोज दोनदा ओलांडायचं आणि त्यालाच प्रगती म्हणायचं.

वडील गेले. आमच्याकडे तेराव्याच्या जागी पुण्यानुमोदन असतं, त्या दिवशी भन्तेजींचं वंदना-प्रवचन झालं, जेवणं झाली, आणि जवळचे चार लोक सतरंजीवर मागे उरले. मोठे काका म्हणाले, "आता हिला इथे ठेवायची नाही." आत्या म्हणाली, "एकटी कशी राहणार ती? रात्री काही झालं तर?" आई तिथेच होती. भिंतीला टेकून ताटं पुसत होती. तिच्याबद्दलच बोलणं चाललं होतं आणि एकानंही तिच्याकडे मान वळवली नाही. आमच्याकडे ही रीतच आहे. बाईचा नवरा गेला की तिच्यासमोर तिच्याविषयी बोलतात, जणू ती बाहेरगावी गेलीय.

मी म्हणालो, "आई माझ्याकडेच राहील. त्यात चर्चा कसली?"

"मुलगा असावा तर असा," काका म्हणाले.

हे वाक्य मला आवडलं. किती आवडलं ते आज सांगतो. त्या दिवशी बाप गेल्याचं दुःख थोडा वेळ बाजूला झालं, इतकं. आईची बॅग आत्यानं भरली. दाराजवळच्या खिळ्यावरून चावी मी काढली, कुलूप मी लावलं, आणि चावी माझ्या खिशात टाकली. आईला वाटलं महिना-पंधरा दिवसांसाठी चाललोय. मी तिचा समज मोडला नाही.

वारज्याचं आमचं घर नवव्या मजल्यावर. दारावर कॅमेरा, खाली पहारेकरी, लिफ्टमध्ये बाईच्या आवाजात इंग्रजी. आईला कशाची कमी नव्हती, असं मी म्हणायचो. विहारात दर रविवारी वंदना म्हणणारी, बायकांना पाठ शिकवणारी, पाण्याची वेळ साधून आधी शेजारणीचा आणि मग स्वतःचा हंडा भरणारी ती बाई आमच्या बाल्कनीत खुर्ची टाकून हायवेकडे बघत बसायची. बायको कामावर, मी कामावर, मुलगी शाळेत.

"चावी दे ना रे," ती म्हणायची.

"कशाला?"

"घर उघडून ठेवते जरा. हवा लागू दे."

"बघू. रविवारी जाऊ."

रविवारी ऑफिसचा फोन यायचा. नाही आला तर मी करायचो. त्याच सुमारास माझ्या टीममध्ये एक नवं लग्न झालेलं जोडपं आलं होतं. त्यांना घर हवं होतं. मी म्हणून बसलो, आमचं रिकामं आहे, विश्रांतवाडीला. भाडं आईच्याच खात्यात टाकणार होतो, हे मी स्वतःला बजावून सांगायचो. बायकोला सांगितलं तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"अहो, आईंना विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात?"

"बरं. मग सांगितलंत तरी का?"

मी पेपर उघडला.

आता जे सांगतो ते मला अजूनही जड जातं. आमच्या घरात भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर आहे, जशी आमच्या प्रत्येक घरात असते. कायदा हा आमच्याकडे कुलदैवतासारखा, किंवा कुलदैवत नसलेल्यांच्या घरात त्या जागी जे असतं तसा. जयंतीला विश्रांतवाडीच्या विहारात दरवर्षी एका शिकलेल्या मुलाला बोलायला लावायचे, आणि कितीतरी वर्षं तो शिकलेला मुलगा मी होतो. विषय हक्क. त्या वर्षीही बोललो. "हक्क मागून मिळत नाहीत, हक्काचं दार स्वतः ठोठावावं लागतं," असं काहीतरी म्हणालो आणि टाळ्या पडल्या. आई पहिल्या रांगेत होती. तिनंही वाजवल्या. विहारापासून तिचं बंद घर हाकेच्या अंतरावर होतं. कार्यक्रम संपल्यावर मी तिला तडक गाडीत बसवलं, कारण वारज्याला पोचेपर्यंत फार उशीर झाला असता.

त्यानंतर आई दुपारी बाहेर जायला लागली. "ज्येष्ठ नागरिकांच्या बाकावर जाते," म्हणायची. मला बरं वाटलं, रुळली म्हणून.

ती बस बदलत बदलत विश्रांतवाडीला जायची. तिच्या समोरच्या दारात एक मुसलमान कुटुंब आहे, आमच्याइतकंच जुनं. त्या भाभींचा आणि आईचा तीस वर्षांचा शेजार. आई भाभींच्या खोलीत बसायची, दार उघडं ठेवून, आणि समोर स्वतःच्या दाराचं कुलूप बघत चहा प्यायची. हे मला भाभींनीच नंतर सांगितलं, माझ्या तोंडावर, माझ्याच कपात चहा ओतता ओतता. "तू कुलूप लावलंस ना बेटा, ते मीच रोज बघायचे. तुझी आई पण बघायची. मग मी म्हटलं, ताई, बघून कुलूप उघडत नाही. चल माझ्यासंगं कोर्टात."

भाभींना रस्ता ठाऊक होता. त्यांची भाड्यानं दिलेली दुसरी खोली भाडेकरूनं बळकावली होती तेव्हा त्या शिवाजीनगरच्या कोर्टात मोफत कायदेशीर मदतीच्या सरकारी कार्यालयात गेल्या होत्या. बाईमाणसाला तिथे वकील फुकट मिळतो, तिची मिळकत कितीही असो. आईला हे ऐकून फार आनंद झाला म्हणे. "बघा, लिहून ठेवलंय आपल्यासाठी," ती भाभींना म्हणाली. "आणि आपण चहा पितोय."

शनिवारी पोस्टमन आला. मी सही केली, लिफाफा फाडला आणि उभ्या उभ्या वाचलं. अर्जदार म्हणून आईचं नाव. त्याखाली सामनेवाला म्हणून माझं. खटला दाखल होण्याआधी दोघांना समोरासमोर बसवून मिटतंय का ते बघायचं, त्यासाठी अमुक दिवशी हजर राहावे.

मी स्वयंपाकघरात गेलो. आई लसूण सोलत होती.

"हे काय आहे?"

तिनं चष्म्यावरून बघितलं. "आली का? लवकर आली. मला वाटलं सरकारी काम आहे, महिना लागेल. चहा टाकू?"

"आई, तू माझ्यावर केस केलीस?"

"केस नाही रे. केसच्या आधीचं आहे ते. नीट वाच."

"लोक काय म्हणतील? मुलानं आईला छळलं म्हणतील!"

"मग सांग त्यांना, छळलं नाही, चावी घेतली म्हणून."

मी बायकोकडे वळलो. "तुला माहीत होतं?"

"मला त्यांनी फक्त बसचा नंबर विचारला होता," ती म्हणाली. तिच्या आवाजात जे होतं त्याला मी त्या दिवशी उर्मटपणा म्हटलं. आज दुसरा शब्द वापरीन.

आठवडाभर मी आईशी बोललो नाही. ती मात्र रोज बोलायची, मीठ दे, पंखा कमी कर, असं. माझा राग खरा होता, पण तो कशाचा होता हे मला सांगता येत नव्हतं. आयुष्यभर ज्या दाराचं मी कौतुक केलं त्याच दारातून मला बोलावणं आलं होतं, आणि मला लाज वाटत होती, एखाद्या जमीनदाराला वाटावी तशी.

तारखेच्या दिवशी सकाळी ती तयार होऊन सोफ्यावर बसली. पांढरी साडी, केसांना तेल, मांडीवर पिशवी.

"मी रिक्षानं जाऊ का तुझ्याबरोबर येऊ?"

"एकत्र कसं जायचं? तू अर्जदार आहेस."

"विचारलंय मी. चालतं म्हणाले." मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून, "हा शर्ट नको. इस्त्रीचा घाल. कोर्ट आहे ते."

अर्जदार आणि सामनेवाला एकाच गाडीतून गेले. वाटेत तिनं डबा काढून दाखवला. दोघांचा होता. "तिथे किती वेळ लागेल सांगता येत नाही, आणि तुला भूक सहन होत नाही."

कोर्टाच्या आवारात झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसलेले लोक, स्टॅम्पवाले, काळ्या कोटांची गर्दी. आई त्यातून अशी चालली, जणू मंडईत चाललीय. आधीच्या फेऱ्यांत ओळख झालेल्या दोघांनी तिला नमस्कारही केला. मी मागून फाईल धरून.

खोली लहान होती. एका टेबलामागे चाळिशीच्या वकीलबाई बसल्या होत्या. त्यांनी आम्हाला शेजारी शेजारी बसायला सांगितलं आणि आईकडे वळल्या.

"बोला आजी, काय त्रास आहे?"

"आजी घरी. इथे अर्जदार म्हणा."

वकीलबाईंनी ओठ आवळले. हसू होतं ते. "बरं. अर्जदार, मुलगा सांभाळत नाही का?"

"सांभाळतो ना. फार सांभाळतो. म्हणून तर आले."

"पोटगी हवी?"

"नको. मला पेन्शन आहे."

"सून त्रास देते?"

"सून चांगली आहे. वरण पातळ करते, पण त्याला काही कलम नसेल."

"मग काय हवंय तुम्हाला?"

"माझ्या घराची चावी."

वकीलबाई माझ्याकडे वळल्या. मी तयारी करून गेलो होतो. आईचं वय सांगितलं, रक्तदाब सांगितला, एकदा न्हाणीघरात पाय घसरला होता तो सांगितला. शहर पूर्वीचं राहिलं नाही, शेजारी कोण येतं कळत नाही, एकट्या बाईचं कसं होणार. मी मीटिंगमध्ये बोलतो तसं बोललो, मुद्द्यामागे मुद्दा. आई लक्ष देऊन ऐकत होती. मी थांबलो तेव्हा ती वकीलबाईंना म्हणाली, "छान बोलतो ना? विहारात दरवर्षी बोलतो. हक्कांवर."

त्यात टोमणा नव्हता. तिला मी खरंच छान बोललो असं वाटलं होतं. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

"घर कोणाच्या नावावर आहे?" वकीलबाईंनी विचारलं.

"आईच्या."

"चावी कोणाकडे आहे?"

"माझ्याकडे."

त्यांनी दोन्ही उत्तरं एकाखाली एक लिहून घेतली. मग आई म्हणाली, "बाई, मला एक कायद्याचं विचारायचंय. त्यासाठीच मी आले खरं तर. नवरा गेला की बायकोचा पत्ता बदलतो, असं कुठे लिहिलंय का?"

"नाही," वकीलबाई म्हणाल्या. "असं कुठेच लिहिलेलं नाही."

"वाटलंच मला. पण विचारलेलं बरं. सगळे इतक्या खात्रीनं बोलत होते."

मला त्या सतरंजीवरची आई दिसली, ताटं पुसणारी. काका बोलत होते, आत्या बोलत होती, मी बोलत होतो, आणि तिच्या मनात हा प्रश्न तेव्हापासून होता. तो तिनं मला विचारला नाही, कारण उत्तर माझ्याकडून आलं असतं.

मी म्हणालो, "मी ते घर भाड्यानं द्यायचं कबूल केलंय. आईला न सांगता." ते कोणी विचारलं नव्हतं. आणि मग, एकदा तोंड उघडल्यावर, "ती पडली असती एकटी असताना, तर लोकांनी मला बोल लावला असता. मला त्याची भीती होती." आई पडण्याची भीती त्यानंतर येत होती, हे मी म्हणालो नाही. पण दोघींनाही ते कळलं असावं.

आई माझ्याकडे बघत होती. लहानपणी मी पडून आलो की बघायची तसं, किती लागलंय याचा अंदाज घेत.

"लावू दे की मग बोल," ती म्हणाली. "मी पडले तर माझी मी पडेन. तुझ्या अंगावर नाही पडणार."

वकीलबाईंनी तडजोड लिहायला घेतली. चावी परत. न्हाणीघरात धरायला दांडी बसवून द्यायची. मी म्हणालो, आईनं रोज सकाळी मला फोन करावा. आई म्हणाली, "मी का करू? काळजी तुला आहे, फोन तू कर." तेही तसंच लिहिलं गेलं. तिनं पूर्ण नावानं सही केली, सावकाश, शेवटच्या अक्षराची काना-मात्रा तपासून.

"आता चावी द्या," वकीलबाई म्हणाल्या.

चावी माझ्याजवळ नव्हती. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये होती. ते जोडपं घर बघायला जाणार होतं म्हणून मी ती तिथे नेऊन ठेवली होती.

म्हणून कोर्टाच्या पायरीवर डबा खाऊन आम्ही हडपसरला गेलो. आईनं माझं ऑफिस तोवर पाहिलं नव्हतं. मी कधी नेलं नव्हतं, आणि का नव्हतं, ते राहू दे. रिसेप्शनवरच्या मुलीनं तिला गळ्यात अडकवायला पाहुण्यांचं कार्ड दिलं आणि गोड आवाजात विचारलं, "आंटी, पर्पज ऑफ व्हिजिट?"

मी उत्तर देणार तोच आईनं मला विचारलं, "काय म्हणतेय?"

"काय काम आहे विचारतेय."

"माझ्या घराची चावी इथे ठेवलीय. ती घ्यायला आले."

मुलीनं ते लिहून घेतलं. आईनं मान वर करून काचेचं छत बघितलं, सरकता जिना बघितला, पाण्याचं कारंजं बघितलं. तिच्या डोळ्यांत कौतुक होतं, अगदी निर्मळ. "केवढं मोठं रे तुझं ऑफिस," ती म्हणाली. "आणि माझं घर एका ड्रॉवरमध्ये मावलं होय?"

मी वर गेलो, ड्रॉवर उघडला, चावी घेतली. त्या जोडप्यातल्या मुलाला तिथेच सांगितलं, घर मिळणार नाही. "का सर?" त्यानं विचारलं. "मालकीण राहायला आलीय," मी म्हणालो.

विश्रांतवाडीला पोचलो तेव्हा भाभी जिन्यातच उभ्या होत्या. मी चावी आईच्या हातात दिली आणि मागे सरलो. कुलूप गंजलं होतं, तिला जोर लावावा लागला. मी हात पुढे केला तर भाभी म्हणाल्या, "राहू दे बेटा. उघडेल तिचं ती."

उघडलं. आत धूळ, बंद घराचा वास, आणि भिंतीवर निळा कोट. आईनं पदरानं आधी ती तसबीर पुसली. मग उंबऱ्यात उभ्या असलेल्या माझ्याकडे वळून म्हणाली, "ये ना. बस. पाहुण्यासारखा काय उभा राहतोस?" मी पाहुणाच होतो. खुर्चीच्या कडेवर बसलो. दूध नव्हतं, ते भाभींनी आणलं.

त्यानंतर ती तिथेच राहतेय. पडली का? एकदा पडली. मनगट मोडलं. मी धावत गेलो तर प्लास्टरवर भाभींच्या नातीनं फूल काढलेलं होतं आणि आई म्हणाली, "लाव बोल. कोणाला लावतोस?" रोज सकाळी फोन मी करतो. लिहून दिलंय.

आता एवढ्यात तिच्याकडे बायका यायला लागल्यात. कुणाला मुलानं घरातून काढलंय, कुणाचा नवरा दुसरीकडे राहतोय, कुणाच्या सोसायटीनं पाणी तोडलंय. आई त्यांना कायदा सांगत नाही, तिला येतही नाही. ती पिशवी उचलते, डबा घेते आणि त्यांच्याबरोबर बसमध्ये बसते. कार्यालयात पोचल्यावर म्हणते, "विचार. तुझ्या तोंडानं विचार. मी बसलेय इथे." एवढंच तिचं काम. माझ्या कंपनीत मी पुष्कळ माणसांच्या वर होतो, त्यांतल्या एकालाही मी असं शेजारी बसून धीर दिल्याचं मला आठवत नाही.

यंदा विहारातल्या पोरांनी पुन्हा मला बोलायला बोलावलं. किती वर्षांनी. विषय तोच. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "माझ्या आईनं मला नोटीस पाठवली होती." लोक हसले, सवयीनं. मी हसलो नाही. मग सगळं सांगितलं, सतरंजीपासून ड्रॉवरपर्यंत. मोठे काका आता नाहीत, पण आत्या होती, मागे, खाली मान घालून. माझा आवाज मध्येच फाटला तेव्हा मी थांबलो आणि पाणी प्यालो. पण मला लाज वाटत नव्हती. मी अर्जदाराचा मुलगा होतो, आणि हे मला सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगायचं होतं.

आई पहिल्या रांगेत होती. भाषण संपलं तशी टाळ्या पडल्या. तिनं वाजवल्या नाहीत. हात वर केला. पोरांनी माइक तिच्याकडे नेला.

"एक दुरुस्ती आहे," ती म्हणाली. "कोर्टातून निघाल्यावर पायरीवर डबा खाल्ला, तेव्हा हा रडला. ते सांगायचं राहिलं. आणि भाजी यानं सगळी खाल्ली."

मग माइक परत दिला, आणि टाळ्या वाजवल्या.